जुनं आधी

१२ जानेवारी

धाकटीस,

हे पत्र तुझ्याच हातात पडलंय असं धरून चालते. पत्ता मामेभावाकडून मिळवला, आणि त्यासाठी त्याच्या बायकोच्या तक्रारींचा अख्खा पाढा ऐकून घेतला. तो फोन नंबरही देत होता, पण मी घेतला नाही. फोनवर आपण दोघी 'कशी आहेस' संपायच्या आत भांडायला लागू आणि मला जे मागायचंय ते राहूनच जाईल.

मागायचंय ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की चुलीत घालायचं ते तुझं तू ठरव. आईसाठी तू हवी आहेस. तोंड दाखवून परत जायला नाही, राहायला. तू इथे ये किंवा तिला तुझ्याकडे ने, काय ते तू आणि तुझा घड्याळवाला मिळून ठरवा. आई चौऱ्याऐंशीची झाली. कान शाबूत आहेत, जीभ त्याहून शाबूत आहे, गुडघे तेवढे गेलेत. खुर्चीतून उठताना तिला हात लागतो. आजवर तो हात माझा होता. आता मी थकलेय. कारण म्हणून एवढं पुरे आहे असं मला वाटतं.

दरम्यान मी घर आवरायला काढलंय. सगळं एकदम नाही, ते आईला झेपणार नाही. एका वेळी एक कपाट. या आठवड्यात ओट्यावरचं झालं. त्यात काय निघालं ते विचारू नकोस. झाकणं नसलेल्या बरण्या, बरण्या नसलेली झाकणं, आणि आईने तारीख लिहून चिकटवलेल्या पट्ट्या. पट्ट्या अजून घट्ट आहेत, तारखा पुसल्या गेल्यात. साखरेचा एक डबा तर दगड झाला होता. मागे नवी साखर होती, पण ती वापरायची कशी? आधी दगड फोडायचा, तो संपवायचा, मग नवीन.

तू गेलीस म्हणून नियम गेला असं समजू नकोस. 'जुनं आधी' अजून चालू आहे. साबणाच्या कारखान्याचं गोदाम कधीचं बंद पडलं, पण त्याची गोदामप्रमुख आपल्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसलेली आहे. आलेला माल मागे लावायचा, पुढचा आधी काढायचा. सकाळी मी ताजा पाव आणते आणि आम्ही दोघी कालचा खातो. ताजा पाव या घरात कुणी खाल्लाय असं मला आठवत नाही, कारण तो खायची वेळ येते तेव्हा तो कालचा झालेला असतो.

माझा हिरवा कप मी टाकला. कान तुटका होता. तुझा आहे तिथेच आहे.

उत्तर दे. चार शब्द लिहिलेस तरी चालेल.

ताई


३ फेब्रुवारी

धाकटीस,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही इतकी वर्षं तुला कुठे लिहिलं होतं.

न्हाणीघराबाहेरचं कपाट काढलं. दार उघडलं की अजून तोच साबणाचा वास येतो. आईने नोकरी सोडताना आणलेल्या वड्या तळाशी आहेत. त्यांना भेगा पडल्यात आणि पाण्यात घासघास घासलं तरी फेस धरत नाहीत. मी म्हटलं, "आई, या टाकू का?" म्हणाली, "त्या पुढे आहेत. आधी त्या संपव." मी तिला सांगितलं की त्या संपवायला मला अजून एक जन्म लागेल. ती म्हणाली, "मग घे." तिच्यापुढे मी हात टेकले. वड्या तिथेच आहेत.

टॉवेलांचं तर विचारूच नकोस. पुढे जे आहेत त्यातून पलीकडचं दिसतं. मागे तो पिवळा जाड टॉवेल अजून कागदात आहे, ज्यासाठी तू लहानपणी हट्ट करून मार खाल्ला होतास. कागदाला हात लावला तर भुगा झाला. टॉवेल मात्र नवाच्या नवा. मी तो झटकून पुन्हा मागे ठेवला. का ठेवला ते मला विचारू नकोस, हाताला तेच वळण आहे.

सुतार येऊन गेला. सगळ्या फळ्या वीतभर खाली घेतल्या. त्याचा सारखा एकच घोषा होता, "बाई, एवढ्या खाली कशाला? तुम्हाला वाकावं लागेल." मी म्हटलं, "मला वाकायची सवय आहे." तो हसला आणि गपचूप काम करायला लागला. तुझा हात आता सगळीकडे पोचेल, स्टुलावर चढायला नको. तू चढायचीस आणि मी खालून स्टूल धरायचे. एकदा मुद्दाम सोडलं होतं ते तुला अजून आठवत असेल.

दुकानातली मालकीण मला सध्या अर्धा दिवसच बोलावते. कपडे उसवून आत घेणं, बाहेर सोडणं, हेच काम अजून. म्हणाली, थंडी आहे, गिऱ्हाईक कमी आहे. गिऱ्हाईक कमी नाहीये. मला पित्ताचा त्रास होतो, मधूनच बसावं लागतं, आणि ते गिऱ्हाइकांसमोर बरं दिसत नाही. तपासण्या करून घेतल्या आहेत. पित्ताने कुणी मरत नाही.

माझे जुने बूट टाकले. दोन स्वेटर शेजारणीला दिले, तिला ते माझ्यापेक्षा शोभतात.

तुझी खोली मी उघडलेली नाही. आई उघडू देत नाही. "ज्याचं आहे त्याने यावं," म्हणते. तेव्हा तूच ये.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटीस,

कार्ड मिळालं. चार शब्द लिही म्हटलं तर तू मोजून घेतल्यासारखी एक ओळ पाठवलीस. "आईने बोलावलंय, की तू?"

मी. आईला माहीत नाही. पत्रं मी दुकानात बसून लिहिते, कपड्यांच्या ढिगाआड.

आता तुला वाटेल, मग कशाला यायचं. तुझा राग मला समजत नाही असं नाही. चार वर्षं तुम्ही दोघं थांबलात. घड्याळवाला दर रविवारी यायचा, त्या मोडक्या सोफ्यावर बसायचा, आपल्या भिंतीवरचं घड्याळ फुकटात दुरुस्त करून जायचा. पुढच्या रविवारी ते पुन्हा बंद पडलेलं असायचं. ते तूच पाडायचीस, मला ठाऊक होतं. आणि आई त्याला चहा द्यायची, बिस्किटं द्यायची, आणि लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी मोठीचं होऊ दे. जुनं आधी."

तू शेवटच्या दिवशी फ्रिजवर किल्ली ठेवलीस आणि आईला म्हणालीस, "मी शिल्लक नाही, माणूस आहे." लाडाने ठेवलेलं नाव तू तिच्या तोंडावर फेकलंस. मग जिना उतरलीस. मी दारात उभी होते, माझ्याकडे बघितलंही नाहीस.

तुला वाटतं त्या नियमाने तुझं नुकसान झालं. झालंच. पण माझं काय झालं ते विचारायला तू कधी थांबलीस? मागच्याला वाट बघावी लागते, मान्य. पुढच्याला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागतं. येणारा-जाणारा बघणार, नाक मुरडणार, पुढे जाणार, आणि तरी जागा सोडायची सोय नाही, कारण मागे बहीण खोळंबली आहे. माझं कुठे जमावं म्हणून आई जितकी धडपडत होती त्याहून जास्त मी धडपडत होते. स्वतःसाठी नव्हे. तुझा घड्याळवाला दर रविवारी माझ्याकडे ज्या नजरेने बघायचा ती चुकवता यावी म्हणून. बिचारा वाईट नव्हता. बस चुकेल की काय अशा चेहऱ्याने बघायचा, एवढंच.

आणि तू निघून गेल्यावर माझ्यासाठी कुणी धडपडायचंच थांबलं. मागे कुणी उरलं नाही, मग पुढचा काढायची घाई कुणाला?

झालं. बोलून घेतलं. एवढ्या वर्षांत एवढं तरी बोलायचा मला हक्क आहे.

औषधांचं कपाट लावलं आहे. वरच्या फळीवर आईच्या गोळ्या, सकाळच्या डावीकडे, रात्रीच्या उजवीकडे. गुडघ्याचं मलम दाराच्या आतल्या कप्प्यात. खालची फळी माझी आहे, तिच्याकडे तू बघू नकोस. आई गोळी जिभेखाली लपवते आणि नंतर खुर्चीच्या गादीत खोचते. 'आ' करायला लावायचं. अपमान वाटतो तिला, पण त्याला इलाज नाही.

माझी जुनी कापडं, उरलेसुरले तुकडे, कातरणं, सगळं पिशव्या भरून खाली नेऊन ठेवलं. आई खुर्चीतून बघत होती. काही बोलली नाही. ती काही बोलली नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी आपली पिशव्यांच्या गाठी मारत राहिले.

माझा निळा कोट आत घेतला. दोन्ही बाजूंनी बराच घ्यावा लागला. शिवणीत माया भरपूर ठेवली आहे. कापलं नाही, नुसतं दुमडलंय. अंग भरलं की पुन्हा सोडता येईल.

ताई


११ मार्च

धाकटीस,

तू लिहिलंस, "ताई, कोट का आत घेतलास?" बाकी एवढं लिहिलं होतं मी, वर्षानुवर्षांचं गाठोडं सोडून ठेवलं होतं, आणि तू नेमकी तीच ओळ उचललीस. लहानपणीही तू अशीच होतीस. पाहुण्यांसमोर माझ्या मोज्याला पडलेलं भोक तुलाच दिसायचं.

तर ऐक. पित्त नव्हतं. पोटात आहे ते दुसरं आहे, आणि ते बरेच दिवस तिथे असावं. डॉक्टरीण तरुण आहे. तिने कागदावर चित्र काढून दाखवलं, इथून इथपर्यंत काढावं लागेल म्हणाली. मी रोज दुसऱ्यांच्या कपड्यांवर खडूने अशाच रेघा मारते, त्यामुळे मला ते पटकन समजलं. मी विचारलं, "माया किती ठेवाल?" तिला कळलं नाही, मीही समजावलं नाही. ३१ मार्चला शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर काय, असं विचारलं तर म्हणते, "आधी उघडून बघू दे." कपाटांच्या बाबतीत मीही हेच म्हणत होते.

मला भीती वाटते. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहावं असं माणूस माझ्याकडे नाही, म्हणून तुलाच लिहिते. मरायची भीती आहेच, पण त्याहून मोठी भीती सकाळची आहे. मी नसलेली सकाळ. आई खुर्चीत बसलेली असेल आणि तिला उठायचं असेल. ती हाक मारणार नाही, तुला तिचा स्वभाव माहीत आहे. ती नुसती बसून राहील. हे चित्र डोळ्यांसमोर आलं की माझ्या हातातलं काम गळून पडतं. म्हणून मी तुला बोलावतेय. तू मला भेटायला येऊ नकोस. तिला उठवायला ये.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. 'पोटाचा छोटासा उपाय आहे, दोन दिवसांत घरी' असं सांगायचं ठरवलंय. तूही तेच सांग. या वयात तिला हा धक्का नको.

आज घरातल्या बोळातलं मोठं कपाट काढायला घेतलं होतं. सगळ्यात वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून, आईने आपल्या दोघींच्या लग्नासाठी घेतलेल्या चादरी आहेत. तुला माहीत होतं हे? मला नव्हतं. दोन गठ्ठे. पुढच्यावर 'मोठी' आणि मागच्यावर 'शिल्लक'. तुझा गठ्ठा मी तुझ्यासाठी पाठवावा म्हणून ओढायला गेले, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "मागचं ओढू नकोस. पुढचं अजून निघालं नाही." तिथे बसून तिला कसं दिसतं कुणास ठाऊक. कागदाच्या आवाजावरून ओळखत असावी.

मी फळीवरून हात काढला. एवढ्या वर्षांनी, एवढं सगळं घडून गेल्यावर, अजून पुढचं निघायचं आहे. मला हसू आलं आणि मग हसताना पोटात इतकं दुखलं की स्टुलावर बसून राहिले.

आता तुला सगळं कळलंय. ये किंवा येऊ नकोस, पण गप्प राहू नकोस. माझ्याकडे गप्प बसण्याइतका वेळ नाही.

ताई


२४ मार्च

धाकटीस,

तुझं पत्र आलं. 'तीस तारखेला संध्याकाळपर्यंत पोचते, तो दुकान सांभाळेल.' वाचून मी दुकानातच खाली बसले. मालकीण पाणी घेऊन धावली, तिला वाटलं मला चक्कर आली. आनंदानेही माणूस असा खाली बसतो, हे मला या वयात कळलं.

पण तुला जे सांगितलं होतं, की आईला काही कळू देऊ नकोस, ते आता विसर. काय झालं ते सांगते.

परवा दुपारी मी माझा कप्पा रिकामा करत होते. कपड्यांचा कप्पा. त्यात टाकण्यासारखं फार उरलंही नव्हतं. आई खुर्चीत होती, मला वाटलं डुलकी लागलीय. एकदम म्हणाली, "तू कपाटं आवरतेस की स्वतःला?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे, माझं काही गेलं नाही. तिचं काही गेलं नाही. पिशव्यांतून खाली गेलं ते सगळं तुझं. मी दाराकडे तोंड करून बसते ती काही हवेसाठी नाही. जन्मभर दारातून बाहेर जाणारा मालच बघितलाय मी."

"पसारा कमी करतेय, आई."

"फळ्या कुणासाठी खाली घेतल्यास?"

मी कप्पा आत सरकवला.

"माझा हात वरही पोचत नाही आणि खालीही पोचत नाही. तू ताडमाड. या घरात बुटकी एकच होती." थोडा वेळ तिने पदार्थात मीठ किती पडलं याचा अंदाज घेतल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "गोदाम असं कधी रिकामं करतात, ते मला शिकवू नकोस. कारखाना बंद करायचा असतो तेव्हा करतात. काय झालंय?"

मग मी सांगितलं. छोटासा उपाय वगैरे ठरवलेलं सगळं बाजूलाच राहिलं. सांगताना मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होते. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "पुढे मी आहे."

मला कळलं नाही.

"फळीवर पुढे मी आहे," ती म्हणाली. "सगळ्यात जुनी. तू मधूनच कुठे निघालीस?"

आवाज चढवला नव्हता. हिशेब चुकलेल्या कामगाराला विचारावं तसं तिने विचारलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. या वयात, दुपारच्या उजेडात, दार सताड उघडं असताना. तिने माझ्या केसांतून हात फिरवला आणि पाठीवर चापट मारली, जोरात. दोन्ही एकाच हाताने.

मग विचारलं, "शिल्लकला कळवलंस?"

तुझं नाव या घरात तू गेल्यापासून मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. चादरींवर लिहिलेलं वाचलं तेवढंच. मी म्हटलं, कळवलंय, ती येतेय. आणि मला राहवलं नाही म्हणून बोलून गेले, "आई, तिच्यासमोर तिला त्या नावाने हाक मारू नकोस. तिला उरलंसुरलं म्हटल्यासारखं वाटायचं."

आई माझ्याकडे बघतच राहिली. खरंच तिला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तू लग्नाच्या रागावरून गेलीस, नावाचं तिच्या डोक्यातही नव्हतं. म्हणाली, "उरलंसुरलं? अगं, गोदामात शिल्लक नसली की मला झोप लागायची नाही. साहेब कधीही फोन करील आणि आपल्याकडे द्यायला काही नसेल, हीच धास्ती. शिल्लक आहे म्हटलं की निवांत. ती झाली तेव्हा तुमचे बाबा आजारी होते. मला वाटलं, आता काहीही होवो, माझ्याकडे शिल्लक आहे."

मी तुला जसंच्या तसं लिहिलंय. यात माझी भर एका शब्दाची नाही. तुला हे तिने स्वतः सांगायला हवं, पण ती सांगणार नाही, तू विचारणार नाहीस, आणि दोघी समोरासमोर बसून ताकास तूर लागू देणार नाही. म्हणून मीच सांगून मोकळी होते.

काल दुकानातून आले तर बोळात शेजारीण घामाघूम होऊन उभी. आईने खुर्ची बोळात आणवून घेतली होती आणि बसल्या बसल्या तिच्याकडून मोठं आणि न्हाणीघराबाहेरचं, दोन्ही कपाटांतलं सगळं उलटं लावून घेतलं होतं. ऐकतेस ना? उलटं. मागचं सगळं पुढे. विरलेले टॉवेल मागे, जाड पिवळा पुढे. नव्या चादरी, नवे उशांचे अभ्रे, कधी न वापरलेला रग, सगळं पुढे. शेजारीण मला बाजूला घेऊन कुजबुजली, "तुमच्या आईंचं डोकं ठीक आहे ना?"

माझ्या पलंगावर 'मोठी' लिहिलेल्या गठ्ठ्यातली चादर घातली होती. घड्या इतक्या कडक की नीट पसरत नव्हती. मी म्हटलं, "आई, हे काय?" ती म्हणाली, "नवीन वापरून घे." आणि मान फिरवली. 'आधी' हा शब्द तिला उच्चारता आला नाही, पण मला तो ऐकू आला.

आज सकाळी माझ्या बशीत ताजा पाव होता. कालचा तिने स्वतः घेतला. मी खाल्ला. ताज्या पावाला चव फार नसते, नुसता मऊ असतो. तरी मी सगळा संपवला, कारण ती बघत होती.

मला वाटलं होतं तिने नियम मोडला की मला आनंद होईल. जन्मभर मी त्या नियमावर बोटं मोडली. आणि आता तो मोडलाय तर मला सगळ्यात जास्त त्याचीच भीती वाटतेय.

ताई


३० मार्च

शिल्लक,

रागावू नकोस. आता अर्थ कळलाय ना.

हे पत्र टपालात टाकलेलं नाही. टॉवेल घ्यायला तू कपाट उघडशील आणि पुढेच दिसेल असं ठेवतेय. मला दुपारीच दवाखान्यात हजर व्हायचंय, त्यामुळे आपली चुकामूक होणार. तू येईपर्यंत शेजारीण आईजवळ बसेल. शेजारणीला चहा साखर जास्त घालून दे, साखर आता दगड नाही.

आईला उठवताना हाताला धरून ओढू नकोस. तिच्या समोर उभी राहा, तिचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घे आणि तू मागे हो, ती आपोआप उभी राहते. तुझी उंची त्यासाठी माझ्यापेक्षा बरी आहे. ती तुझ्याशी पहिल्यांदा काहीतरी तिरकस बोलेल. प्रवासाबद्दल, नाहीतर तू वाळलीस किंवा सुटलीस त्याबद्दल. ते मनावर घेऊ नकोस. गेले चार दिवस ती रोज मला विचारतेय की बस किती वाजता येते.

तुझी खोली तिने आज सकाळी उघडून घेतली. मी फक्त खिडकी उघडली आणि धूळ झटकली. भिंतीवरचं घड्याळ बंद आहे. ते मी मुद्दाम तसंच ठेवलंय.

निळा कोट मी घालून जातेय. गेल्या महिन्यात आत घेतला होता, तो पुन्हा सैल झालाय. तरी मी तो आणखी आत घेतला नाही.

एक काम तुझ्याकडे आहे आणि ते तूच करायचंस. हे आणि बोळातलं मोठं, दोन्ही कपाटं पुन्हा सुलट लाव. आई ओरडेल, खुर्चीतून हुकूम सोडेल, शेजारणीला बोलावेल. ऐकू नकोस, तुला तिचं न ऐकायची सवय आहे. विरलेले टॉवेल पुढे, नवे मागे, सगळं होतं तसं. तुमच्या दोघींसाठी पाव मात्र ताजा आण आणि ताजाच खा, एवढीच सूट.

आणि माझ्या पलंगावरची ती चादर काढ. धुऊन वाळव, घड्या घाल, कागद नसेल तर माझ्या जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळ. पुढे ठेवू नकोस. वरच्या फळीवर, तुझ्या गठ्ठ्याच्याही मागे, हात जेमतेम पोचेल इतकी आत सरकव. या घरात मागे ठेवलेल्याची पाळी लवकर येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

तुझी,
ताई